चामड्यासाठी कमी विषारी तपकिरी रंग: सांगलीत मिळणाऱ्या सामानातून

चामड्याचं काम नव्यानं शिकणारे बहुतेक जण रंगासाठी पहिल्यांदा स्पिरिटमधला तयार रंग घेतात. बाटली उघडायची, बोळा बुडवायचा, पट्ट्यावरून फिरवायचा, झालं काम. रंगही लगेच बसतो. पण तो रंग ज्यात विरघळवलेला असतो त्याची वाफ बंद खोलीत भरते, हाताला लागलेला डाग आठवडाभर जात नाही, आणि घरात लहान मूल असेल तर बाटली कुठं ठेवायची हा रोजचा घोर लागतो. मी सांगलीत घरातल्याच एका खोलीत पट्टे, पाकिटं आणि पिशव्या करते. त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे चालणाऱ्या कामात काय वापरावं आणि काय वापरू नये, याचा शोध मला नीट घ्यावा लागला. तो तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लागू नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. तपकिरी रंगापुरती तरी आपल्याला स्पिरिटची गरज नाही. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन आहे, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार. या सगळ्या पट्ट्यात चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमवण्याची, म्हणजे कच्चं कातडं टिकाऊ करण्याची, जुनी रीत आहे. त्या चपलेचा तपकिरी रंग बराचसा कमावण्यातून, तेलातून आणि उन्हातून येतो. आपण तीच वाट थोडी पुढे न्यायची आहे, काथाच्या अर्कानं.

पण 'नैसर्गिक' म्हटलं की निर्धोक, असं समजू नका. झाडपाल्याच्या रंगात खरा धोका बहुतेक वेळा रंग गडद किंवा पक्का करायला वर जो धातूचा क्षार घालतात त्यात असतो. काथ निरुपद्रवी, पण त्यात चिमूटभर डायक्रोमेट हा क्रोमियमचा क्षार टाकला की सगळं भांडं विषारी. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतील.

१. आधी चामडं ओळखा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं. खाली दिलेली रीत फक्त सालीत कमावलेल्या, म्हणजे दुकानात 'व्हेज टॅन' म्हणतात त्या चामड्याला लागू पडते. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या मऊ चामड्यावर काथ नीट धरत नाही, ठिपके ठिपके दिसतात.

दुकानदार जे सांगेल त्यावर थांबू नका. कोपऱ्यातला लहान तुकडा मागून घ्या आणि घरी बघा.

कापलेली कड बघा. आतून निळसर राखाडी दिसली तर क्रोम. फिकट बदामी किंवा गुलाबीसर तपकिरी दिसली तर बहुधा व्हेज टॅन. मात्र आरपार रंगवलेल्या चामड्यात कडेवरून काही कळत नाही.

पाण्याचा थेंब टाका. व्हेज टॅनवर तो थोड्या वेळात आत शिरतो आणि तेवढी जागा गडद होते.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे लोखंडाच्या पाण्याचा थेंब. ते कसं करायचं ते पाचव्या पायरीत आहे. तुकड्याच्या मागच्या, खरखरीत बाजूला एक थेंब टाकला की व्हेज टॅन मिनिटभरात काळं पडतं, कारण चामड्यातलं टॅनिन (सालीतून आलेला तुरट घटक) आणि लोखंड यांचा काळा संयोग होतो. निव्वळ क्रोम जसंच्या तसं राहतं. फिकट राखाडी डाग पडला तर ते चामडं आधी क्रोमनं आणि मग थोडं सालीनं कमावलेलं आहे असं समजा. त्यावर काथ हलका चढेल, गडद तपकिरीची आशा धरू नका.

तुकडा जाळून राखेचा रंग बघायची एक परीक्षा बरेच जण सांगतात. ती करू नका. क्रोमचं चामडं जाळताना त्यातल्या साध्या क्रोमियमचं घातक हेक्साव्हॅलंट क्रोमियम होऊ शकतं, आणि तो धूर तुमच्याच नाकात जातो. युरोपीय संघात अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंत हेक्साव्हॅलंट क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं, असा नियम २०१५ पासून लागू आहे, यावरून त्याचं गांभीर्य लक्षात येईल.

सांगलीत चप्पल-बूट दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे सोलचं जाड व्हेज टॅन मिळून जातं. पाकिटासाठी पातळ, एकसारखं चामडं हवं असेल तर कोल्हापूर, नाहीतर मुंबईत धारावी. मिरजेपलीकडे अथणी-मदभावी भाग चपलांचाच आहे, तिकडे कुणाची ओळख असेल तर विचारून बघा. घेताना 'रंग न लावलेलं, वर पॉलिश नसलेलं' असं स्पष्ट सांगा. वर थर दिलेल्या चामड्यात पाण्यातला रंग शिरतच नाही.

२. काय घरात आणायचं नाही

ही यादी सामानाच्या यादीच्या आधी देते आहे, कारण जुन्या कृतींमध्ये यातलं काहीतरी हमखास असतं.

पोटॅशियम डायक्रोमेट. नारिंगी स्फटिक. काथ गडद तपकिरी करायची ही जुनी, गाजलेली युक्ती, आणि रंग खरंच सुंदर येतो. पण हे हेक्साव्हॅलंट क्रोमियमच आहे. त्यानं कर्करोग होऊ शकतो, आणि एकदा कातडीला त्याची ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहू शकते. अक्रोडाच्या रंगाच्या जुन्या कृतींतही हे सापडतं.

मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागवाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक फवाऱ्यासाठी) मोरचूद असतोच, म्हणून तो वापरायचा मोह सहज होतो. काथात घातला तर रंग पक्का आणि गडद होतो हे खरं आहे. पण उरलेलं तांब्याचं पाणी गटारातून शेवटी कृष्णेत जातं, आणि पाण्यातल्या जीवांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतं. आपल्या कामाला त्याची गरज नाही.

हिराकस. विषारीपणात हा वरच्या दोघांच्या जवळपासही नाही. अडचण वेगळी आहे. हिराकस म्हणजे लोखंडाचं सल्फेट, आणि त्यातून चामड्यात गंधकाचं आम्ल मागे राहतं. ते उडून जात नाही. काही वर्षांनी चामडं भुसभुशीत होऊन तडकतं. व्हिनेगरमधलं आम्ल मात्र हळूहळू उडून जातं, म्हणून आपण व्हिनेगरातलं लोखंड वापरायचं.

चुना आणि धुण्याचा सोडा. काथाला चुना लागला की तो लाल होतो हे पानवाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे, म्हणून रंगात चुना घालायची कल्पना कुणालाही सुचते. चामड्यावर ती अंगाशी येते. टॅनरीत कातड्यावरचे केस सोडवायला चुनाच वापरतात. कमावलेलं चामडं किंचित आंबट असावं लागतं, साधारण ३.५ ते ५ पीएचच्या दरम्यान (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). चुन्यानं आणि धुण्याच्या सोड्यानं त्याचा कस जातो.

हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट. पिण्यासाठी वापरता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्य मिसळलेलं असतं, पुष्कळदा मिथेनॉल. मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं, आणि त्याचा पहिला घाव डोळ्यांच्या नसेवर बसतो. लाखेचं पॉलिश घरी करायचं म्हणून हे स्पिरिट आणू नका.

३. सामान

काथ २०० ग्रॅम. गणपती पेठेतल्या काष्ठौषधीच्या किंवा घाऊक किराणा दुकानात विचारा. पानाचा फिकट काथ आणि काळपट, ढेकळासारखा काथ असे दोन प्रकार असतात. आपल्याला काळपट हवा. त्यात टॅनिन जास्त असतं, रंग खोल येतो, आणि तो स्वस्तही पडतो. पूर्वी मासेमारीची जाळी आणि शिडं टिकावीत म्हणून याच काथात बुडवत. दुकानदाराला सांगा, 'काका, खायचा नकोय, रंगाला पाहिजे.' म्हणजे तो उगाच भारीतला पुढे करणार नाही. पूड घेण्यापेक्षा ढेकूळ घ्या. पुडीत माती मिसळलेली असली तर कळत नाही.

पांढरं व्हिनेगर, अर्धा लिटर.

स्टील वूल किंवा लोखंडाचा कीस, १५ ग्रॅम. भांडी घासायची तारेची घासणी चालत नाही, ती स्टेनलेस असते आणि व्हिनेगरात महिनाभर ठेवली तरी विरघळत नाही. हार्डवेअरमध्ये मिळणारं, गंजणारं स्टील वूल हवं. कुपवाडच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर लेथवरचा साध्या लोखंडाचा कीस आणा. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घेऊ नका.

स्टीलचं किंवा इनॅमलचं एक पातेलं, जे पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरायचं नाही. लोखंडी कढई आणि तांब्याचं भांडं दोन्ही वर्ज्य. धातू रंगात उतरतो आणि तपकिरीचा राखाडी होतो.

जुनं सुती कापड गाळायला, दोन स्पंज, पातळ नायट्राइलचे हातमोजे, वजनकाटा, काचेच्या दोन बाटल्या, खाण्याचा सोडा, लिंबूसत्व, तिळाचं तेल आणि मधमाशीचं मेण. मेण महाबळेश्वराकडचं चांगलं मिळतं. तिथलं मांघर तर 'मधाचं गाव' म्हणूनच ओळखलं जातं, त्या बाजूला जाणं झालं तर घेऊन ठेवा. हिरड्याची पूड ऐच्छिक आहे, ती कधी लागते ते पुढे सांगते.

पाणी फिल्टरचं किंवा पावसाचं. बोअरचं पाणी जड असतं आणि त्यात लोखंड असेल तर रंग दर वेळी वेगळा येईल.

४. काथाचा अर्क

१०० ग्रॅम काथ फडक्यात गुंडाळून बत्त्यानं फोडा. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी मंद आचेवर अर्धा तास ठेवा, खळखळ उकळी नको. मधूनमधून लाकडी दांड्यानं ढवळा, कारण तळाशी बसलेला काथ चिकट होऊन करपतो. सुती कापडातून दोनदा गाळा.

गार झाल्यावर तळाशी बदामी गाळ बसलेला दिसेल. तो फेकू नका. काथातला कॅटेचिन नावाचा घटक गरम पाण्यात विरघळतो आणि गार पाण्यात पुन्हा खाली बसतो. रंग लावायच्या आधी अर्क कोमट करून हलवला की तो परत मिसळतो. कोमट म्हणजे हात घातला तर सोसवेल इतपतच. ओल्या व्हेज टॅनला कढत पाणी लागलं तर ते आक्रसतं आणि पुठ्ठ्यासारखं कडक होतं, मग ते कशानंही पूर्ववत होत नाही.

अर्क ताजाच वापरावा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशीची साय धरते. लागेल तेवढाच करा. लिटरभरात चार-पाच पट्टे आरामात होतात.

काथाऐवजी दुसरं काय चालेल, हे मला बरेच जण विचारतात. बाभळीची साल उत्तम चालते, रंग थोडा गुलाबीसर येतो. जत-कवठेमहांकाळकडे बांधावर बाभळी भरपूर आहेत, पण उभ्या झाडाची साल काढू नका. खोडाभोवतीची साल गेली की झाड वाळतं. सरपणासाठी तोडलेल्या फांद्यांची साल मागून घ्या, ती दोन-तीन दिवस भिजवून मग तापवा. आटपाडीकडच्या डाळिंबांच्या साली वाळवून वापरल्या तर पिवळसर खाकी रंग येतो. तपकिरीच्या खाली अस्तर म्हणून तो बरा, एकटा नाही. अक्रोडाचा तपकिरी रंग जगभर नावाजलेला आहे, पण तो अक्रोडाच्या बाहेरच्या हिरव्या सालीतून येतो. आपल्याकडे मिळतं ते आतलं कठीण कवच, आणि त्यातून म्हणावा असा रंग निघत नाही.

चहा फिकट पडतो. कॉफी छान दिसते आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देते. कांद्याच्या सालींचा रंग उडतो. आणि हळद, सांगलीत राहून हे लिहिताना मलाही वाईट वाटतं, पण हळद चामड्यावर लावू नका. उन्हात ती भराभर उडते, आणि साबणाचं पाणी लागलं की लाल डाग पडतात.

५. लोखंडाचं पाणी

नुसत्या काथानं लालसर, विटकरी छटेचा तपकिरी येतो. त्यातला लाल दाबून गडद, मातकट तपकिरी हवा असेल तरच ही पायरी लागते. चामड्याच्या परीक्षेसाठीही हेच पाणी लागतं, म्हणून एकदा थोडं करून ठेवा.

स्टील वूलवर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. आधी भांड्यांच्या साबणानं धुवून वाळवा. बाटलीत अर्धा लिटर व्हिनेगर आणि १५ ग्रॅम वूल घाला. झाकण सैल ठेवा. यात हायड्रोजन वायू तयार होतो. झाकण घट्ट लावलं तर बाटली फुटू शकते, आणि हा वायू पेट घेणारा आहे, म्हणून बाटली गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, बाल्कनीत किंवा गच्चीवर सावलीत ठेवा. एक-दोन आठवड्यांनी बुडबुडे थांबले की दाट कापडातून गाळा.

हे पाणी फिकट चहासारखं दिसतं. म्हणून ते पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नका. काचेच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहा आणि वरच्या फळीवर ठेवा.

रंगासाठी वापरताना लिटरभर पाण्यात फक्त एक चहाचा चमचा. एवढं पातळ वाटेल, पण पुरे होतं. दाट पाणी लावलं तर चामडं तपकिरीवरून सरळ काळ्यावर जातं, आणि जास्तीचं लोखंड चामड्यातलं टॅनिन वर्षानुवर्षं खात राहतं.

इथं हिरड्याबद्दल सांगायला हवं. टॅनिनचे दोन मोठे गट आहेत. काथ आणि बाभूळ एका गटातले, हिरडा आणि डाळिंबाची साल दुसऱ्या गटातली. लोखंडाशी गाठ पडली की पहिल्या गटाचा रंग हिरवट-काळ्याकडे झुकतो, दुसऱ्याचा निळसर-काळ्याकडे. तपकिरीवर हिरवट छटा आली तर ती मातीसारखी, खाकीकडे झुकणारी दिसते आणि शोभते. निळसर छटा आली तर तपकिरी मेल्यासारखा राखाडी होतो. म्हणून तपकिरी हवा असेल तर हिरडा आणि लोखंड एकत्र आणू नका. चामडं फार फिकट असेल, रंग धरत नसेल, तेव्हा ५० ग्रॅम हिरडा लिटरभर पाण्यात भिजवून तो हात आधी द्यावा, वर काथ द्यावा, आणि लोखंड वगळावं.

६. रंग चढवणं

कापाकापी, भोकं, नक्षी सगळं आधी उरकून घ्या. शिवण मात्र नंतर. दोरा रंगला तर चालणार असेल तर गोष्ट वेगळी.

ओल्या चामड्याजवळ लोखंडी हत्यार, खिळे, कीस काही ठेवू नका. लोखंडाचा कण पडला की निळा-काळा ठिपका उठतो. असा ठिपका पडलाच तर अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून त्या पाण्याच्या बोळ्यानं हलकेच पुसा, मग साध्या पाण्यानं पुसा. ठिपका ताजा असेल तर निघतो.

रंग लावायच्या आधी स्वच्छ ओल्या स्पंजानं सगळं चामडं एकसारखं ओलं करा. कोरड्या चामड्यावर थेट रंग लावला तर पहिला हात जिथं टेकेल तिथं डाग पडतो आणि तो शेवटपर्यंत दिसतो. ओलावा आत मुरून पृष्ठभाग पुन्हा फिकट दिसायला लागला की कोमट काथाचा पहिला हात गोल गोल फिरवत द्या, मग लांबीच्या दिशेनं, मग आडवा. दहा मिनिटं थांबा. दुसरा हात द्या.

आता सुकू द्या, आणि हा थांबा गाळू नका. ओला काथ गडद दिसतो, सुकला की फिका पडतो, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हवेनं पुन्हा गडद होतो. ओल्या रंगावर निर्णय घेतला तर हमखास एक हात जास्त होतो. दुसऱ्या दिवशी बघा आणि मगच तिसरा-चौथा हात ठरवा. मला स्वतःला दोन दिवसांत मिळून चार हातांचा रंग सगळ्यात आवडतो, भिजलेल्या शेतमातीच्या जवळ जाणारा.

लोखंडाचं पाणी द्यायचं असेल तर काथ पूर्ण सुकल्यावर, चामडं पुन्हा हलकं ओलं करून, एकच हात. बदल काही सेकंदांत दिसतो. पाच मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसा. मग लिटरभर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्यानं एकदाच, भरभर पुसा, म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. पुन्हा साधं पाणी. सोड्याचं पाणी चामड्यावर रेंगाळू देऊ नका.

प्रत्येक वेळी त्याच चामड्याचा एक कातरण-तुकडा बरोबर रंगवा आणि त्याच्या मागे काथाचं प्रमाण, हात किती, लोखंड होतं की नाही हे लिहून ठेवा. गिऱ्हाईक 'मागच्यासारखाच पाहिजे' म्हणेल तेव्हा हे तुकडेच कामाला येतात.

७. सुकवणं, ऊन आणि तेल

सावलीत, पसरून, हवेशीर जागी. टांगलं तर पाणी खाली उतरून एक कड गडद होते. सांगलीच्या एप्रिल-मेमधल्या दुपारच्या उन्हात ओलं चामडं ठेवलं तर ते वाकडं होऊन कडक बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण, सुकतच नाही आणि पांढरी बुरशी धरते. पावसाळ्यात पंखा चालू ठेवा आणि एका वेळी थोडंच रंगवा.

पूर्ण सुकल्यावर तिळाच्या तेलाचा अगदी पातळ हात, फडक्यावर घेऊन. चामड्यावर थेट तेल ओतू नका. एक रात्र मुरू द्या. त्यानंतर सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन दिवस दाखवा, दोन्ही बाजू फिरवून. व्हेज टॅन उन्हानं आपोआप गडद होतं, आणि हा रंग सगळ्यात टिकाऊ. त्यावर काही लावलेलंच नाही, तर उतरणार काय?

शेवटी मेण. एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग तेल. एका भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. यात टर्पेंटाइन घालायची पद्धत आहे, ते वगळा. त्याशिवायही मलम चांगलं होतं, थोडं जास्त चोळावं लागतं इतकंच. तिळाच्या तेलाऐवजी जवसाचं तेल वापरणार असाल तर ती फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा.

८. कपड्याला लागतो का ते बघा

पांढरं सुती फडकं कोरडंच घेऊन वीस वेळा घासा. मग ओलं करून घासा. मग पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात भिजवून घासा, ही घामाची परीक्षा. कोरड्यावर काहीच येता कामा नये. ओल्यावर फिकट बदामी आलं तर तो वर बसलेला जास्तीचा काथ आहे. ओल्या फडक्यानं पुसून, सुकवून, पुन्हा मेण लावा.

पट्टा, पाकीट, वहीचं वेष्टण यांना हा रंग पुरेसा पक्का आहे. घड्याळाचा पट्टा आणि चपलेचा आतला तळ घामात भिजत राहतात, तिथं मी रंग आतल्या बाजूला देतच नाही, नुसतं तेल देते. लहान मुलं किंवा कुत्रं चावेल अशा वस्तूवर लोखंडही नको आणि विकतचा रंगही नको.

९. तयार रंग घ्यायचाच असेल तर

मोठी ऑर्डर असते, सगळे नग एकाच छटेचे हवे असतात, तेव्हा काथ पुरा पडत नाही. मग पाण्यातला रंग घ्या, पण वेष्टणावरच्या 'इको' आणि 'सेफ' या शब्दांवर जाऊ नका. विक्रेत्याकडे दोन कागद मागा.

पहिला, सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातले घटक आणि धोके सांगणारा कागद. याचे १६ विभाग असतात. दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात घटक, आठव्यात हातमोजे-मास्क कोणता लागेल ते. तिसऱ्या विभागात घटकांपुढे सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक असतो. मिथेनॉलचा ६७-५६-१, ब्युटॉक्सीइथेनॉलचा १११-७६-२. हे दिसले तर बंद खोलीत तो रंग नको. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून घेऊ नका.

दुसरा, बंदी असलेले ॲझो रंग नाहीत असं लेखी. ॲझो हा कृत्रिम रंगांचा एक मोठा गट. त्यातल्या काही रंगांतून कर्करोग करणारी अमाइन द्रव्यं सुटतात. भारतात १९९७ साली अशा ७० रंगांवर बंदी आली. युरोपात चामड्याच्या वस्तूंत या अमाइनची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. सुट्या पुडीत, नाव नसलेल्या डब्यात मिळणारा स्वस्त 'ब्राऊन' घेऊ नका, त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय पूड कालवताना उडते आणि श्वासात जाते.

स्पिरिटचा रंग वापरायची वेळ आलीच तर गच्चीवर, वारा असताना, आसपास विस्तव नसताना. पातळ नायट्राइल मोजे मिथेनॉलला फार वेळ अडवत नाहीत, ओले झाले की बदला. साधा कापडी मास्क वाफेला काहीच उपयोगाचा नाही.

१०. उरलेलं कुठं टाकायचं

काथाचं उरलेलं पाणी भरपूर पाण्यात मिसळून झाडांच्या मुळांपासून लांब, मातीत. चोथा खताच्या खड्ड्यात. लोखंडाचं पाणी उरलं तर त्यात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाका, फेस थांबला की खूप पातळ करून मातीत. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा नदीच्या काठी यातलं काहीच नाही. स्पिरिटच्या रंगाचे बोळे उघड्यावर सुकवून मग कोरड्या कचऱ्यात.

व्हेज टॅनची कातरणं कीचेन, वॉशर, नमुन्याचे तुकडे यांना उपयोगी पडतात, ठेवून द्या. क्रोमची कातरणं वेगळ्या पिशवीत ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ती बंबात किंवा चुलीत घालायची नाहीत. हिवाळ्यात पाणी तापवायला हाताशी येईल ते बंबात जातं, आणि ही कातरणं जळली की पहिल्या पायरीत सांगितलेला तोच धूर घरात पसरतो.